बर्फातलं खडेमीठ

हे मी माझ्या बायकोलाही सांगितलेलं नाही. ती गेली, आणि तिच्याजवळ सांगायचं राहून गेलं. आज मात्र सांगून टाकणार आहे. तुम्ही फक्त ऐका.

परवा वर्तमानपत्रात वाचलं, की माणसाचे अवयव शून्याच्याही खाली थंड करून टिकवायचे प्रयोग चालले आहेत. आत बर्फाच्या सुया होऊन सगळं फाटू नये, म्हणून आधी त्यांत खास द्रव भरतात म्हणे. तेवढं वाचलं आणि पेपर मिटून ठेवला. त्या सुया मला ठाऊक आहेत — फार आधीपासून.

महाराष्ट्र राज्य नवं होतं तेव्हाची गोष्ट. खामगावात माझा दवाखाना नुकता सुरू झालेला. मेलेल्या माणसाचा डोळा काढायचं मी नागपूरला शिकून आलो होतो आणि त्याचा मला केवढा ताठा! आमच्या भागात ते करणारा मीच. शिकवणाऱ्या सरांनी बजावलं होतं : बाटली थर्मासात, भोवती नुसता बर्फ. नुसता. का, ते त्यांनी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

आणि मी कोणाचा मुलगा? कुल्फीवाल्याचा. बर्फात खडेमीठ घातलं की गारवा कसा चढतो, हे मी चालायला लागल्यापासून पाहिलेलं.

पहिला डोळा मिळाला तो कापसाच्या जिनिंग कारखान्यातल्या नामदेवरावांचा. त्यांना एकच डोळा होता. दुसरा तरुणपणी मशीनवर गेलेला. देहाशेजारी त्यांचे भाऊ माझ्यावर धावून आले — "आंधळा जन्मन ना तो पुढच्या जन्मी!" नामदेवरावांची बायको, आम्ही सगळे तिला काकू म्हणायचो, उठून मध्ये उभी राहिली. "पुढच्या जन्माचं मी पाहून घेईन. तुम्ही डोळा घ्या, डॉक्टरसाहेब."

तो डोळा मेहकरच्या शकीलासाठी होता. पिंजाऱ्याची मुलगी. देवी येऊन दोन्ही बुबुळं पांढरी झालेली, लग्नाचं वय झालेलं. नागपूरच्या इस्पितळात ती वाट बघत होती.

मे महिना. जलंबला गाडी बदलायची, पुढे नागपूरपर्यंत डबा तापलेला. बर्फ टिकेल का? मला काय वाटलं असेल सांगा — सरांना काय कळतं आमच्या उन्हातलं! मी थर्मासातल्या बर्फावर दोन मुठी खडेमीठ टाकलं. प्रवासभर स्वतःवर खूश होतो.

इस्पितळाच्या व्हरांड्यात झाकण उघडलं. मिठानं बर्फ शून्याच्याही खाली गेला होता; बाटलीतला डोळा गोठून कडक झाला होता.

इथपर्यंत चूक म्हणा. अडाणीपणा म्हणा. पण मग मी काय केलं? बाटली दोन्ही तळहातांत धरली आणि खांबाआड जाऊन उभा राहिलो — तो मऊ पडेपर्यंत. काही बिघडलं नाही असं वाटत होतं, तर खांबाआड कशाला गेलो?

मला शिकवणारे सरच तिथले सर्जन; त्यांनी डोळा उजेडात धरला. बराच वेळ पाहिला. प्रवासात काही झालं का, असं विचारलं. मी म्हणालो, नाही सर, सगळं तुमच्या सांगण्याप्रमाणे. दुसरा डोळा हाताशी नव्हता. त्यांनी माझ्या शब्दावर त्याच डोळ्याचं बुबुळ बसवलं. खरं बोललो असतो तर शकीला थांबली असती, आणखी कोणाचा तरी डोळा येईपर्यंत. तिचं एवढंच नुकसान झालं असतं — थोडी वाट पाहणं.

डोळा दुधासारखा पांढरा झाला. शरीरानं स्वीकारला नाही, असं तिला सांगण्यात आलं. पुन्हा कापून घ्यायला ती तयार होईना.

पुढे तिनं हट्ट धरला, ज्यांचा डोळा होता त्यांच्या घरी न्या. मीच घेऊन गेलो. तिनं चाचपडत काकूंचे पाय शोधले आणि रडायला लागली. "तुमच्या मालकाचा डोळा मले सांभाळता नाही आला, काकू. माह्या अंगातच काही खोट असन."

"काऊन असं म्हणतं व माय?" काकूंनी तिला उठवलं. "सारा जनम जिनिंगच्या धुळीत गेला त्यायचा. डोळाच खराब निघाला. तूच माफ कर त्यायले."

दोघी एकमेकींची माफी मागत होत्या आणि मी मधे बसून चहा पीत होतो. पूर्ण प्यालो. साखर कमी होती तर मागूनही घेतली — हेसुद्धा सांगायलाच हवं. त्यानंतर काकूंच्या दिरानं आळीभर सांगितलं, की सडका डोळा दिला म्हणून देवानं परत केला. ज्यांनी मरणानंतर डोळे देतो म्हटलं होतं, ते एकेक करून मागे सरले. मी तेव्हाही गप्पच. लोक मला शहाणा डॉक्टर म्हणत राहिले, मी म्हणू दिलं.

काकू आता नाहीत. नवऱ्याचा डोळा खराब होता, हे मनात धरूनच त्या गेल्या. ते मला आता बदलता येणार नाही.

शकीला आहे. मेहकरला भावाकडे असते, केस पिकलेत. सोमवारच्या पहिल्या बसनं मी तिच्याकडे निघालो आहे. लाज वाटते, तरी जाणार. तिच्या अंगात खोट नव्हती, काकूंच्या मालकाचा डोळाही चांगला होता, हे तिला सांगणार. तो मी वाटेत मारला आणि जिवंत म्हणून तिच्या डोळ्यात बसवू दिला.