आईच्या हातावरचा फोड

उस्मानपुऱ्यातल्या आमच्या ऑफिसात मी दिवसभर अमेरिकेतल्या पेशंटांचे कागद वाचते आणि प्रत्येक आजाराला विम्यासाठी त्याचा कोड लावते. हातावरच्या फोडाला उजव्या हाताचा वेगळा, डाव्याचा वेगळा. सोबत शुगर असेल तर तिचा आणखी एक. डॉक्टरांनी लिहिलं नाही ते आम्ही धरायचं नाही, हा नियम. अर्धवट लिहिणाऱ्या डॉक्टरांवर मी रोज चडफडते.

गेल्या वर्षी आई गंगापूरहून आली ती उजवा हात पदराखाली झाकूनच. मी पदर सरकवला. अंगठ्याजवळ लिंबाएवढा फोड, लाली मनगटाच्या वर चढलेली. असे कितीतरी हात मी कागदावर वाचले होते. त्यातल्या काहींची बोटं पुढं कापावी लागली होती.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "शुगर आहे का?"

"नाय," आई म्हणाली आणि डाव्या हातानं माझं मनगट दाबलं.

दोन वर्षांपासून गोळ्या चालू होत्या तिला. पण गावातल्या मैत्रिणीचं बोट शुगरपायी गेलं, तेव्हापासून शुगर म्हटलं की कापतातच, असं तिच्या डोक्यात बसलेलं. आणि जगाच्या कागदांत खोट काढणारी मी गप्प बसले. भीतीनं. मलाही तो शब्द तिच्या कागदावर नको होता.

बाहेर औषधाच्या दुकानासमोर मी तो कागद वाचला. 'मधुमेह नाही.' आईला बाकावर बसवून मी धावतच आत गेले.

"डॉक्टर, शुगर आहे तिला. आम्ही खोटं सांगितलं."

बोटातलं रक्त तपासलं, शुगर भयंकर वाढलेली. लगेच भरती केलं, फोड चिरून पू काढला, पट्टी बांधली. डॉक्टरांनी लालीच्या कडेनं पेनानं रेघ ओढली. लाली रेघेबाहेर गेली तर ताबडतोब कळवायचं.

"कापाया लावलंस व्हय मला?" आई एवढंच बोलली आणि तोंड फिरवून पडली.

दुपारभर मी त्या निळ्या रेघेवरून नजर हटवली नाही. पाणी प्यायलाही उठले नाही. संध्याकाळी डॉक्टर बघून गेले. लाली आतच होती. मला हुंदका आवरेना.

आईनं पट्टीबाहेरची बोटं हळूहळू हलवली.

"मोज," ती म्हणाली. "अन् लिव तुझ्या कागदात, पाच हायेत म्हणून."

मी दोनदा मोजली.