पगार आला का बघ

मी माझ्या थोरल्या भावाचा हात मोडला. खोऱ्याच्या दांड्याने, गोठ्यात, भर सकाळी. डॉक्टरांना आम्ही सांगितलं की तो घसरून पडला. ते खोटं.

तेव्हा मी लोणावळ्यात एका हॉटेलच्या लाँड्रीत होतो, ठेकेदाराच्या हाताखाली. पगार बँकेत यायचा, पण पाच तारखेला की पंचवीस, हे त्या ठेकेदाराच्या बापालाही ठाऊक नसायचं. माझी ड्यूटी बारा तासांची. दादा मात्र रोज सकाळी आमच्या औंढे गावाहून लोणावळ्यात दूध घालायला जायचा आणि एटीएम त्याच्या वाटेवरच. म्हणून कार्ड त्याच्याकडेच ठेवलेलं. महिना सरला की रोज सकाळी मी ओरडायचो, "दादा, पगार आला का बघ!"

तीन महिने ओळीने पैसे कमी आले. आधी शंभर, मग दोनशे. विचारलं की दादा म्हणायचा, "मशीननं येवढंच दिलं." मशीन काय चोर आहे? दादा कधीमधी दारू घ्यायचा, त्यामुळे मला वेगळंच वाटू लागलं. तिसऱ्या महिन्यात तीनशे कमी भरले आणि माझं डोकं फिरलं.

पहिला दांडा पाठीत घातला, दुसरा खांद्यावर. "कुटं घातलं पैसे? सांग!"

"म्या न्हाई घेतलं रं," एवढंच तो म्हणत राहिला. उधळलेली म्हैस शिंगाला धरून थांबवणारा गडी तो, मला एका हाताने लोळवलं असतं. त्याने फक्त डोक्यावर हात धरला. तिसरा दांडा त्या हातावर बसला. हाड मोडल्याचा आवाज मला अजून ऐकू येतो.

दोन दिवसांनी त्याची चोरी पकडायला मी बँकेत गेलो, पासबुक भरून घेतलं. पगार दर महिन्याला पुरता आला होता. पण जमा झाला रे झाला, की खाली ओळीने वीस-पंचवीस, वीस-पंचवीस कापलेले. काउंटरवरच्या मॅडम म्हणाल्या, "खात्यात पैसे नसताना काढायला गेलं की चार्ज लागतो. तुम्ही तर रोज गेलाय."

रोज मीच पाठवलं होतं. दादाला इंग्रजी वाचता येत नाही, म्हणून मीच शिकवलं होतं की पाचशेचं बटण दाबायचं. नोट आली तर पगार आला, नाही तर नाही. आमच्या लाँड्रीत निम्मे लोक असाच पगार बघायचे. बँकेचे मेसेज जायचे ते माझ्या बंद पडलेल्या नंबरवर.

मी काचेवर मूठ हाणली. "ज्याच्या खात्यात काय न्हाई, त्याचंच कापता व्हय!" वॉचमनने मानगूट धरून मला बाहेर काढलं. मी त्यालाही एक ठेवून दिली. त्याचाही पगार कुठल्यातरी ठेकेदाराकडूनच येत असणार, हे नंतर सुचलं.

कार्ड मी दादाकडून मारलं त्याच दिवशी हिसकावून घेतलं होतं. खरं काय ते सांगायला मात्र जीभ रेटेना. लाज वाटत होती, आणि लाजेपेक्षा भीती जास्त.

पुढच्या महिन्यात पगार पुन्हा लांबला. सकाळी मी चप्पल घालत होतो. दादा दारात उभा, उजवा हात प्लास्टरमध्ये, दुधाची किटली डाव्या हातात. किटली खाली ठेवून त्याने तो हात माझ्यापुढे केला.

"कार्ड दे की. पगार बघून येतो," तो म्हणाला. "डाव्या हातानं बी दाबता येतंय बटन."