न्यायला गेलो नाही

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. सख्ख्या भावाला नाही, कॉलेजातल्या मित्रांना तर मुळीच नाही. तुम्हाला का सांगतोय? आता लपवायचाही कंटाळा आलाय, एवढंच.

वाशीममध्ये मला ओळखतात ते एका पुस्तकामुळे. व्हिक्टोरिया राणीच्या काळातल्या एका थोर इंग्रज कादंबरीकाराचं मी मराठीत चरित्र लिहिलं. त्याचं नाव इथे घेत नाही – त्या नावाआड आजवर पुरेसा लपलो. गरिबीतून वर आलेला माणूस. घर, चूल, दिवाळीसारखा त्यांचा नाताळ, हे सगळं असं लिहायचा की वाचणाऱ्याला आपलंच घर आठवावं. आणि स्वतःच्या बायकोला, दहा लेकरांच्या आईला, त्यानं घराबाहेर काढलं. वर लोकांत पसरवलं, की तिचं डोकं ठिकाणावर नाही.

हे वाचलं तेव्हा मला धक्का बसायला हवा होता ना? नाही बसला. मला – कसं सांगू – वाट दिसली.

माझी बायको सुलभा. माहेर अनसिंगचं, शेतकऱ्याचं घर. मोठ्यानं हसायची. एकदा अमरावतीहून प्राध्यापक मंडळी आली होती. ही चहा घेऊन आली आणि सरळ खुर्ची ओढून त्यांच्यात बसली. ‘तुमी खाऊन तं पाहा, आमच्या घरच्या तुरीची कचोरी हाय,’ म्हणाली. पाहुणे हसले. तिच्याबरोबर हसले, हे मला आज कळतं. तेव्हा वाटलं, तिला हसले – म्हणजे मला हसले. कानशिलं तापली माझी.

त्या वर्षी धोंड्याचा महिना आला. सासऱ्यांचं बोलावणं आलं, आम्ही दोघं गेलो. पाटावर बसवून मला ओवाळलं, अनारसे, पुरणाचे धोंडे, नवे कपडे. मी पोटभर जेवलो. आणि निघताना म्हणालो, पुस्तकाचं काम आहे, हिला राहू द्या थोडे दिवस.

‘राहू द्या नं, तिचंच घर हाय. पोळ्याले न्यायले या मंग, जावईबापू,’ सासरे म्हणाले.

मी हो म्हणालो. फाटकापाशी ती उभी होती, दोनच लुगडी आणली म्हणून स्वतःशीच हसत.

पोळा गेला. दिवाळी गेली. नवरा न्यायला आल्याशिवाय ती पाऊल उचलणार नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं. तिच्या घरची रीतच तशी. भांडण नाही, कोर्ट नाही – फक्त जायचं नाही. इतकं सोपं असतं का एखाद्या माणसाला घराबाहेर काढणं? असतं.

‘वहिनी दिसत नाहीत?’ लोक विचारू लागले. एक दिवस तोंडून निघून गेलं – तिची तब्येत बरी नसते. डोक्याची. लोक हळहळले, विषय संपला. हे मी कुणाकडून उचललं ते तुम्हाला कळलंच असेल. वाशीम ते अनसिंग अंतर ते किती? बोलणं तिथे पोचलं. तिच्या धाकट्या बहिणीला पाहायला येणारे दारातून परत जाऊ लागले. सासऱ्यांनी मला एका शब्दानंही विचारलं नाही.

पुस्तक निघालं, इथेच प्रकाशन झालं. भाषणानंतर कुणीतरी विचारलं, सर, त्या लेखकाच्या पत्नीचं काय झालं? मी म्हणालो, ‘दुर्दैवानं ती डोक्यानं बरी नव्हती.’ पुस्तकातही तेच लिहिलं होतं. तेवढ्यात मागच्या रांगेत, आपल्या भावाशेजारी बसलेली सुलभा दिसली. तिला कुणीही बोलावलं नव्हतं.

बाहेर फाटकापाशी ती थांबली होती. आवाज अगदी साधा.

‘त्या बाईले न्यायले कोणी गेलंच नाही का?’

‘नाही,’ मी म्हणालो.

‘अन् पागल तिलेच लिवलं तुमी.’

भावाच्या मोटारसायकलवर मागे बसून ती गेली. तेव्हा तरी हाक मारायची होती. लोक सही घ्यायला उभे होते. मी सह्या केल्या.

ती अजून अनसिंगला भावाकडे असते. केस पांढरे झालेत म्हणे.

यंदा धोंड्याच्या महिन्यात प्रकाशकाचा फोन आला, दुसरी आवृत्ती काढतोय, सर, काही दुरुस्ती? शेजारी जावई आले होते, तळणाचा वास माझ्या खोलीपर्यंत येत होता. ते पान कोणतं, ते मला तोंडपाठ आहे. एक वाक्य काढायचं होतं फक्त.

काही नाही, मी म्हणालो, आहे तसं जाऊ द्या.

परवा प्रती आल्या. वाक्य तिथेच आहे.