चष्म्यातली पऱ्हाटी

बोंडअळीने कापूस खाल्ला त्या वर्षी मी अकोल्याच्या एका दवाखान्यात मुलांच्या वॉर्डात सिस्टर होते. ऑपरेशनला नेताना मुलं घाबरू नयेत म्हणून तिथे एक मोठा काळा चष्मा आला होता. तो डोळ्यांवर बांधला की चहूकडे समुद्र आणि मासे दिसत. मुलं मासे बघत मुकाट आत जात. म्हणजे सगळं नीट चाललं होतं. पण नीट चाललेलं मला बघवत नाही.

मूर्तिजापूरकडच्या पोरांना समुद्राचं काय कौतुक, असं मी डॉक्टरांना ऐकवलं. आपली कापसाची पऱ्हाटी दाखवा, घरच्यासारखं वाटेल. रोज ऐकवलं, तेव्हा ते कंटाळून हो म्हणाले. कॅमेरा माझ्याच भावाच्या शेतात उभा केला. पांढरा कापूस, निळं आभाळ. मी स्वतःवर बेहद्द खूश होते.

पहिला नंबर हर्नियाच्या एका आठ वर्षांच्या मुलीचा. मागच्या खेपेला, चष्मा येण्याआधी, तिने एवढा आकांत केला होता की ऑपरेशन न करताच परत पाठवावी लागली. गाठ वाढत होती. आज पुन्हा तसंच झालं तर मी काही हिला परत आणत नाही, असं तिच्या आईने बजावलं होतं. बाई वेचणी सोडून आली होती.

चष्मा लावला आणि पोर शांत झाली. बोटं हलायला लागली, कापूस वेचल्यासारखी. मी डॉक्टरांकडे विजयी नजरेने पाहिलं. तेवढ्यात ती उठून बसली.

"सिस्टर, हे फूल मिटेल हाय. आतमंदी अळी अशीन. तिकडंबी हाय. माया बाबाले बलवा!"

डोमकळी म्हणतात त्याला. भावाला दिसली नव्हती, मलाही नाही. ती चष्मा ओढून रडायला लागली. वावर कुणाचं का असेना, तिच्या लेखी ते हातचं गेलं होतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मी गुपचूप मासे लावून चष्मा पुन्हा तिच्या डोळ्यांवर बांधला. ती हुंदके देत बघू लागली.

"यायले फवारा लागते?"

"नाई."

"निंदण करा लागते?"

"काईच नाई करा लागत. नुसतं पाहाचं."

"काईच नाई?"

"काईच नाई, माय."

हळूहळू तिचे खांदे सैल पडले. थिएटरचं दार बंद होईपर्यंत ती माशांकडे नुसती पाहत होती. आठ वर्षांची पोर, बहुधा पहिल्यांदाच.