पौर्णिमेसाठी राखलेलं अंजीर

साखरखेर्ड्याच्या बाजारातून परतताना बस आलीच नाही, म्हणून आम्ही पायी निघालो. अर्धा रस्ता सरला तरी अन्नपूर्णामावशी बोलत नव्हत्या. वांगी विकून टोपली रिकामी झाली होती, पण बाजारात एका बाईनं विचारलं होतं, "यंदा अंजीर कधी आणता वं मावशी?" तेव्हापासून त्या गप्प होत्या.

मावशी माझ्या शेजारच्या. नवरा लवकर गेला. लोकांच्या वावरात निंदण-खुरपण करून त्यांनी सुवर्णाला, आपल्या एकुलत्या लेकीला, वाढवलं आणि लग्न करून दिलं. परसात अंजिराचं एक झाड होतं. त्याच्या फळाला कुणी बोट लावलेलं त्यांना खपायचं नाही. मागे एकदा बाजारात एक बाई एकेक अंजीर दाबून पाहू लागली, तर म्हणाल्या, "बाई, गालगुच्चा घ्याले लेकरू हाय का ते?"

मला मात्र त्यांनी शिकवलं. "रंगावर जाऊ नको. रंग आधीच येते, फसवते. मान पाह्य. कच्चं ताठ उभं राह्यते. पिकलं का मान टाकते, सालीले बारीक तडे जातात. हलक्या हातानं वर उचललं का आपसूक सुटते. चीक आला तं समज, घाई केली." आंब्यासारखं अढी लावून ते पिकत नाही, कच्चं तोडलं ते वायाच गेलं, हेही त्यांनीच सांगितलं.

त्या घरची एक रीत होती. पहिलं पिकलेलं अंजीर वैशाख पौर्णिमेला विहारात बुद्धमूर्तीपुढे ठेवायचं, वंदना झाली की घरी आणून खायचं. त्याआधी कुणी चाखायचं नाही. सासूनं घालून दिलेली रीत मावशींनी कधी मोडली नाही.

मागच्या वर्षी सुवर्णा माहेरी आली ती आजार घेऊनच. अकोल्याच्या डॉक्टरांनी हात टेकले होते, मन होईल ते खाऊ घाला म्हणाले. तिचं मन कशावरच होत नव्हतं. एक दिवस म्हणाली, "आई, आपल्या झाडाचं अंजीर दे ना."

मावशी रोज उजाडताच झाडाखाली जायच्या. सगळी फळं ताठ. पौर्णिमेच्या आदल्या दिवशी एकानं मान टाकली. पाखरांच्या भीतीनं मावशींनी त्याला फडकं बांधलं आणि लेकीला सांगितलं, "पिकलं वं. उद्या वंदना झाली का तुलेच देतो."

सुवर्णा हसली. "राहू दे. उद्याच खाईन."

सकाळी मी विहारात मेणबत्ती लावत होते, तेव्हा मावशींच्या घरातून रडणं ऐकू आलं. फडक्यातलं फळ झाडावरच राहिलं. दोन-तीन दिवसांनी मुंग्या लागल्या तेव्हा मीच ते काढून मातीत पुरलं.

वाटेत एका लिंबाखाली मावशी टेकल्या. मी पाण्याची बाटली पुढे केली. त्यांनी ती नुसती हातात धरली.

"महामाया, तू रोज वंदना म्हणतं. सांग मले, भगवंतानं कधी मांगतलं होतं का ते अंजीर?"

"नाही, मावशी."

"पोरीनं मांगतलं होतं."

मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला, तर लुगड्याच्या आत नुसती हाडं लागली. त्यांनी पदरानं तोंड पुसलं.

"झाड लदलं हाय यंदा. मले त्याच्याखाली जाववत नाही. पाहतो अन् हात उचलतच नाही."

"तोडून टाकायचं का झाड?"

"नाही वं. त्याचा काय गुन्हा?" त्या माझ्याकडे वळल्या. "तू येत जाय सकाळी. तुले मान पाह्यता येते. पयलं पिकलं का मले इचारू नको, पौर्णिमा कधी हाय तेही पाहू नको. जो कोणी मांगन, त्याच्या हातावर त्याच घडीले ठेवजो. ठेवशीन ना?"