मुकादमांचं नाक

माझ्या बरोबरीच्या मैत्रिणी कॉम्प्युटरचे कोर्स करून एसी ऑफिसांत चिकटत होत्या, तेव्हा मी बिबवेवाडी ते मार्केट यार्ड ड्रेनेजची झाकणं बघत फिरत होते. नव्या इमारती भराभर उठत होत्या आणि खालचे पाइप जुनेच होते, त्यामुळे झाकणं सारखी उघडायला लागत. एका डॉक्टरांनी आत उतरणाऱ्या कामगारांच्या तब्येतीची पाहणी हाती घेतली होती आणि फॉर्म भरायला त्यांना नसत्या चौकशा करणारं माणूस हवं होतं. माझी निवड झाल्याचं घरात कुणालाच नवल वाटलं नाही. आई रोज दारातच म्हणायची, "या. आधी आंघोळ, मग ज्ञान."

फॉर्ममध्ये खोकला, खरूज, कावीळ असे रकाने होते. शेवटी प्रत्येक चेंबरचा धोका लिहायचा. दुर्गंधी तीव्र तर धोका जास्त, वास नाही तर धोका नाही. मला ते अगदी शहाणपणाचं वाटलं होतं.

मार्केट यार्डाजवळच्या टोळीचे मुकादम धायरीचे होते, पन्नाशी उलटलेले. स्वतः उतरणं त्यांनी सोडलं होतं. झाकण उघडलं की ते गुडघ्यांवर बसून आत वाकत, जरा थांबत आणि "उतर" किंवा "थांब" एवढंच म्हणत. कमरेला दोर बांधून उतरायचा तो त्यांचा सख्खा जावई. "मामांचं नाक म्हणजे मशीन आहे," असं तो मला कौतुकाने सांगायचा.

एका सकाळी टपरीवरच्या चहाला रॉकेलचा असा भपकारा होता, की पहिल्या घोटालाच सगळ्यांनी थू थू केलं. मुकादमांनी मात्र ग्लास तळापर्यंत संपवला. माझं कुतूहल मला गप्प बसू देईना. दुसऱ्या दिवशी त्यांचा फॉर्म भरताना मी निलगिरीची बाटली उघडून त्यांच्या नाकाजवळ धरली. माझे स्वतःचे डोळे पाणावले, पण ते खोकल्याच्या प्रश्नाचं उत्तर शांतपणे देत राहिले.

"मुकादम, तुम्हाला वास येत नाही," मी म्हटलं.

त्यांनी मागे वळून टोळी लांब असल्याची खात्री केली. "चार वर्सं झाली, ताई. कायबी येत न्हाई."

मला भयंकर राग आला. यांच्या एका शब्दावर यांच्याच मुलीचा नवरा खाली उतरतो, आणि हे नुसतं नाटक करतात! तसं मी तोंडावर बोलूनही दाखवलं. ते उठले आणि मला एका उघड्या झाकणापाशी घेऊन गेले.

"आत बघा. काय दिसतंय?"

"झुरळं. शी!"

"पळत्यात का?"

त्यांच्या टॉर्चच्या उजेडात ती भिंतीवर सैरावैरा पळत होती.

"पळाली तर मी उतर म्हनतो. न पळता पडून ऱ्हायली, तर कुनाला खाली सोडत न्हाई. वासाचा भरवसा न्हाई, ताई. माझा जोडीदार 'वास गेला, आता उतरतो' म्हनून उतरला. परत वर आला न्हाई."

डॉक्टरांना मी वासाचं विचारलं तेव्हा ते म्हणाले, बरोबर आहे, गटारातला विषारी वायू फार वाढला की नाकच बधिर होतं. झुरळं म्हणजे काही यंत्र नव्हे, वायू मोजायचं यंत्रच हवं, असंही त्यांनी बजावलं. पण माझं लक्ष माझ्या फॉर्मच्या गठ्ठ्याकडे होतं. कितीतरी चेंबरांपुढे मी सुवाच्य अक्षरात लिहून ठेवलं होतं, वास नाही, धोका नाही. स्वतःची इतकी लाज मला आधी कधी वाटली नव्हती.

मुकादमांच्या नाकाचंही लिहायला हवं होतं. मी त्यांना तसं सांगितलं.

"लिवा. पन आठ दिस थांबा. मला हटिवलं तर झाकनावर कोन बसंल? जावयाला शिकवू द्या."

"मग इतकी वर्षं का नाही शिकवलंत?"

"शिकवायचं तर नाकाचं सांगावं लागलं असतं," ते म्हणाले आणि खाली बघत राहिले.

मी आठ दिवस तो रकाना कोरा ठेवला, आणि ते आठही दिवस मला धड जेवण गेलं नाही. नवव्या दिवशी गेले तेव्हा मुकादम बाजूला उभे होते आणि जावई गुडघ्यांवर बसून आत टॉर्च मारत होता. तो बराच वेळ वाकून बघत राहिला.

"मामा, एकपण हलत नाही," तो म्हणाला आणि कमरेचा दोर सोडायला लागला.

"अहो, वास तर काहीच येत नाहीये!" काम बघायला आलेला महापालिकेचा साहेब वैतागला. "उतरा की."

"म्हणूनच नाही उतरत," जावई म्हणाला.

झाकण तसंच उघडं ठेवून, भोवती अडथळे लावून सगळे लांब बसले. मी फॉर्म काढला. चेंबरच्या ओळीत लिहिलं, वास नाही, धोका सर्वांत जास्त. मग मुकादमांचा कोरा रकानाही भरला. ते माझ्या पेनकडे बघत होते.

चहा आला. मुकादमांनी ग्लास उचलला, पण तोंडाला लावला नाही. सगळ्या टोळीसमोर त्यांनी तो जावयाच्या नाकाखाली धरला.

"बघ रं," ते म्हणाले, "रॉकेल न्हाई ना?"