डाव्या हाताची तिसरी गल्ली

नव्वदचं दशक नुकतंच सुरू झालं होतं. मी तेवीस वर्षांची होते आणि मिलिटरी नर्सिंग सर्व्हिसमध्ये लेफ्टनंट होऊन मला चार महिने झाले होते. ऑक्टोबरच्या पहिल्या सोमवारी आम्हा सहा नव्या नर्सिंग ऑफिसरना फील्ड ट्रेनिंगसाठी आलापल्लीच्या जंगलात पाठवलं. मुदत सहा आठवडे. तंबूतलं हॉस्पिटल उभं करायचं, चालवायचं, मोडायचं आणि दुसऱ्या जागी पुन्हा उभं करायचं, हे काम.

बाकीच्या पाच जणींसाठी ते जंगल म्हणजे नकाशावरचा हिरवा रंग होता. माझं गाव मात्र तिथून ऐंशीएक किलोमीटरवर, चामोर्शीच्या पुढे, मार्कंड्याच्या वाटेवर. आई विळ्यांना धार लावून धान कापणीची वाट पाहत असेल, बाबा चौथीच्या मुलांकडून पाढे म्हणवून घेत असतील, हे मला तंबूत बसून दिसत होतं. रजा मिळणार नव्हती. मी विचारलंही नाही.

ईशान, रिया, तुम्हाला तुमची आजी नेहमी शिस्तीची वाटते. तेव्हा तशी नव्हते. पहिल्याच दिवशी एका सुभेदारसाहेबांनी मला कडक सॅल्यूट ठोकला आणि मी गडबडून दोन्ही हात जोडले. ते माझ्या बाबांच्या वयाचे होते. आमच्या मेजर मॅडम केरळच्या, उंच, कमी बोलणाऱ्या. त्यांनी मला बाजूला घेऊन इंग्रजीत सांगितलं, "तो तुझ्या वयाला सॅल्यूट करत नाही, खांद्यावरच्या स्टारला करतो. उत्तर दे."

पाच वाजता उठणं. साडेपाचला पीटी. सात वाजता सिक परेड, म्हणजे आजारी जवानांची तपासणी. मग दिवसभर खोट्या जखमींचे सराव. जवान छातीवर पुठ्ठ्याचं कार्ड लावून झुडपात पडायचे, कार्डावर 'पोटात गोळी' किंवा 'डावा पाय तुटला' असं लिहिलेलं असायचं. आम्ही त्यांना शोधायचं, पट्ट्या बांधायच्या, स्ट्रेचरवर घालायचं. पोटात गोळी लागलेला जवान बिडी ओढताना सापडला की मेजर मॅडम त्याच्याकडून तंबूभोवती पाच चकरा मारून घ्यायच्या.

रविवारी सकाळी साडेसहाला गोळीची परेड असायची. त्या भागात हिवताप फार, म्हणून प्रत्येकाने आठवड्यातून एकदा क्लोरोक्विन घ्यायची असा आदेश होता. गोळी कडू. जवान ती जिभेखाली लपवायचे आणि पुढे जाऊन थुंकायचे. त्यामुळे ऑफिसरने समोर उभं राहून गिळताना बघायचं, तोंड उघडायला लावायचं आणि मगच यादीत नावापुढे टिक करायची. ही ड्यूटी माझ्याकडे होती. यादीत सेहेचाळीस नावं.

"नंबर, नाम. गोली. पानी. मुँह खोलो. जीभ ऊपर. नेक्स्ट."

एकतिसावं नाव नाईक रफीकचं होतं. नाईक हा त्याचा हुद्दा. तो आमच्या अँब्युलन्सचा ड्रायव्हर, वय सव्वीस, चंद्रपूरचा. त्याच्या वडिलांचं बांगड्यांचं दुकान होतं. पहिल्या रविवारी त्याने सगळ्यांसारखी हिंदीत नाव-नंबर सांगून गोळी घेतली. त्याच दिवशी दुपारी मी औषधांच्या पेट्या मोजताना पुटपुटत होते आणि आकडे गावच्या बोलीत तोंडून निघाले असणार. तो चाक बदलत होता. तसाच उठून आला.

"बाई, तुमी आमच्याच इकडच्या दिसता जी?"

"चामोर्शीकडची."

"मंग इतके दिवस हिंदी काऊन फाडून राह्यल्या?"

मी हसले. तुम्हाला हे कळायला थोडं मागचं सांगते. मी पाचवीपासून नागपूरला इंग्रजी शाळेच्या होस्टेलवर होते. पहिल्या आठवड्यात 'मला'ऐवजी 'मले' म्हटलं आणि अख्खी खोली हसली. त्यानंतर मी ती बोली घराबाहेर कधी बोलले नाही. वर्दीत तर इंग्रजी आणि हिंदीच. रफीक बोलला तेव्हा मला एकदम आमच्या अंगणात कोणी खाट टाकून बसल्यासारखं वाटलं. त्यानंतर रोज दोन-चार वाक्यं व्हायची. बाकीच्यांसमोर तो मला मॅडम म्हणायचा. अँब्युलन्सपाशी आम्ही दोघंच असलो की बाई.

"आमचं घर एकदम सोप्पं," तो सांगायचा. "जटपुरा गेटातून आत गेलं का डाव्या हाताची तिसरी गल्ली. कोनालेबी विचारा, बांगडीवाल्याचं घर. ट्रेनिंग झाल्यावर या जी. माही माय तुमाले भाजीभाकर खाऊ घालते का बिर्याणी, पाहू."

तिसऱ्या रविवारी त्याची पाळी आली तेव्हा रांगेत त्याच्या मागे पंधरा जण होते. त्याने गोळी तोंडात टाकली, पाणी प्यायला, तोंड उघडलं. मी "जीभ ऊपर" म्हणायच्या आत तो हळूच म्हणाला, "मले काऊन देता जी? मी इथलाच. इथले मच्छर मले वळखतेत."

मला हसू आलं. खरं सांगायचं तर मलाही ते पटत होतं. आमच्याकडे पावसाळा सरला की प्रत्येक घरात थंडीताप यायचा. आई अंगावर दोन गोधड्या टाकायची, काढा द्यायची, चौथ्या दिवशी माणूस शेतात. मेजर मॅडम त्या तापाला भीत होत्या, कारण त्या बाहेरच्या होत्या. आम्ही इथले होतो.

तो पुढे गेला आणि अँब्युलन्सच्या आड त्याने मान वळवली. गवतात पांढरं काहीतरी पडलं. त्याने वर पाहिलं, मी बघतेय हे त्याला दिसलं.

"पाह्यलं नाई ना बाई तुमी?"

"नाई," मी म्हटलं.

आणि त्याच्या नावापुढे टिक केली.

मंगळवारी त्याचं डोकं दुखत होतं, बुधवारी ताप होता. हे नंतर कळलं. त्याने सिक परेडला नाव दिलं नाही. गुरुवारी सकाळी नऊ वाजता सरावासाठी गाडी काढायची होती. गाडी हलेना. मी जाऊन पाहिलं. तो स्टिअरिंगवर डोकं टेकून बसला होता आणि थरथरत होता. अंग भट्टीसारखं. ताप एकशे चारच्या वर.

"काई नाई जी," तो म्हणाला. "पाव्हना आला. जाते दोन दिवसांत."

नऊ पंचवीसला रक्ताची स्लाइड घेतली. साडेदहाला तो मला ओळखेनासा झाला. कॅम्पवरच्या डॉक्टर कॅप्टनने क्विनीनची सलाइन लावायला सांगितली. अकरा वाजता त्याला पहिला झटका आला. मेंदूला चढलेला मलेरिया.

मेजर मॅडम वायरलेसवर बसल्या.

"कंट्रोल, वन केस, सेरेब्रल मलेरिया, सीरियस. रिक्वेस्ट हेलिकॉप्टर. ओव्हर."

"नेगेटिव्ह. मूव्ह बाय रोड टू नागपूर. नो हॉल्ट. ओव्हर."

"विल्को. आउट."

आदेश मान्य करून त्यांनी वायरलेस ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं. "लेफ्टनंट, तुला रस्ता माहीत आहे. तू आणि कॅप्टन जा."

अकरा चाळीसला आम्ही निघालो. त्याच्याच गाडीत त्याला आडवं केलं होतं. गाडी एक हरियाणाचा शिपाई चालवत होता, नवखा. मी सलाइन धरून होते, नाडी आणि श्वास दर दहा मिनिटांनी लिहीत होते. आष्टीच्या फाट्यावर चामोर्शीचा रस्ता उजवीकडे वळतो. मी तिकडे पाहिलं नाही. वैनगंगेच्या पुलावर ब्लडप्रेशर खाली गेलं. गोंडपिंपरी मागे पडली, बल्लारपूर मागे पडलं.

साडेतीनच्या सुमारास चंद्रपूर लागलं. बाहेर रिक्षांचे हॉर्न, बाजाराचा आवाज. रफीकने डोळे उघडले नाहीत, पण तो बोलू लागला. आवाज अगदी नेहमीचा, गाडी चालवताना शेजारच्याला सांगावं तसा.

"गेटातून आत घे. डाव्या हाताले. एक... दोन... आता सावकाश."

पुढून ड्रायव्हरने विचारलं, "मॅडम, क्या बोल रहा है?"

"रास्ता बता रहा है."

"कहाँ का?"

"घर का."

त्याने गाडी हळू केली. खिडकीतून जटपुरा गेट दिसत होतं, दगडी, उंच, खालून माणसं जात-येत होती. "रोकूँ, मॅडम? माँ को बुला लें?"

मी कॅप्टनकडे पाहिलं. तो सलाइनकडे पाहत होता. त्याने नकारार्थी मान हलवली. नागपूर अजून तीन तासांवर होतं. एक मिनिट थांबलो असतो तर गल्ली जमा झाली असती, अर्धा तास गेला असता.

"नहीं," मी म्हटलं. "चलते रहो."

चार वाजून पंचवीस मिनिटांनी, वरोऱ्याच्या अलीकडे, नाईक रफीक गेला. मी वेळ लिहिली. त्याचे डोळे मिटलेलेच होते.

दुसऱ्या दिवशी कॅम्पवर परतून मी माझं निवेदन लिहिलं. 'रविवारी सहा वाजून पन्नास मिनिटांनी नाईक रफीक याने गोळी थुंकलेली मी पाहिली. तरी यादीत टिक केली.' मेजर मॅडमनी ते दोनदा वाचलं.

"खाली रँकसकट सही कर."

मी केली.

"या जंगलात आता क्लोरोक्विनला दाद न देणारा मलेरियाही आहे," त्या म्हणाल्या. "त्याने गोळी गिळली असती तरी कदाचित हेच झालं असतं. कदाचित नसतं. हे तुला कधीच कळणार नाही. म्हणून मला विचारू नकोस. टिक मात्र तुझी आहे."

मला लेखी ताकीद मिळाली. ती माझ्या फायलीत शेवटपर्यंत राहिली. पुढच्या रविवारी साडेसहाला परेडची ड्यूटी त्यांनी पुन्हा मलाच दिली. यादी जुनीच होती. तीस नावं झाली. एकतिसावं आलं. मी थांबले. मग बत्तिसाव्याला मी सांगितलं, "मुँह खोलो. जीभ ऊपर." त्या दिवशी एकानेही गोळी लपवली नाही.

ट्रेनिंग संपल्यावर मला पाच दिवसांची रजा मिळाली. घरी जाण्याआधी मी चंद्रपूरला उतरले. गेटातून आत, डाव्या हाताची तिसरी गल्ली. त्याची आई ओसरीवर बांगड्यांची लाकडी पेटी पुसत होती. मी माझं नाव सांगितलं आणि जे सांगायला आले होते ते सांगितलं. उभ्या उभ्याच, निवेदनात लिहिलं होतं तसं.

ती पेटी पुसत राहिली.

"लहानपणी बी गिळेच नाई तो," ती म्हणाली. "गालात धरून ठेवे, अन् मोरीत थुके. मी नाक दाबून धरो त्याचं, तवा कुठी गिळे." मग तिने माझ्याकडे पाहिलं. "तुमी कायले नाक दाबान जी त्याचं? तुमी त साहेब."

तिने मला जेवल्याशिवाय सोडलं नाही. भाजीभाकर होती.

मी पुढे बावीस वर्षं नोकरी केली, मेजर होऊन निवृत्त झाले. रफीकचं नाव कुठल्या दगडावर कोरलेलं नाही. तो शत्रूच्या गोळीने गेला नाही, तापाने गेला. माझ्याशी त्या बोलीत बोलणारी माणसंही एकेक करून गेली, आधी बाबा, मग आई. आता मला बाई म्हणून कोणी हाक मारत नाही.

ईशान, गेल्या महिन्यात तुला घशाचं इन्फेक्शन झालं तेव्हा मी व्हिडिओ कॉलवर तुला गोळी घ्यायला लावली, तोंड उघडायला सांगितलं, जीभ वर करायला सांगितली. तू म्हणालास, "आजी, तू अगदी आर्मीसारखं करतेस." रिया हसली. मी फोन ठेवला आणि हे लिहायला बसले.

पुढच्या हिवाळ्यात तुम्ही याल तेव्हा आपण नागपूरहून गाडी करून गावी जाऊ. चंद्रपूर वाटेतच लागतं. रफीकची आई आता नाही, घर त्याच्या भावाच्या मुलांकडे आहे. जटपुरा गेटातून आत, डाव्या हाताची तिसरी गल्ली. त्या दिवशी मी गाडी थांबवली नाही. तुम्ही बरोबर असाल तेव्हा थांबवू.